एका संध्याकाळी पन्नास हात : कराओकेसाठी कॉर्डलेस माईक निवडताना

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. साताऱ्यात तुमचा निवृत्त सहकाऱ्यांचा कराओके ग्रुप आहे. महिन्यातून एकदा दीडशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये कार्यक्रम होतो. पंचवीस-एक गायक, पस्तीस-चाळीस गाणी. वर्षातून दोन-तीनदा लॉनवरही. दीड वर्षात चार माईकचा कॉर्डलेस सेट दोनदा घेतलात आणि दोन्ही वेळा सहा-आठ महिन्यांत कुरकुर सुरू झाली. एका माईकचा आवाज मधेच तुटतो, एक हलवला की खडखडतो, एकाच्या सेलच्या झाकणाला चिकटपट्टी लावली आहे. आता ग्रुपने चाळीस हजार जमवलेत आणि तुम्ही विचारताय, पडला-आपटला तरी चालेल असा मजबूत माईक कोणता?

मी सांगलीत बावीस वर्षं साउंडचं काम करतो. संध्याकाळी ऑर्डरी आणि दुपारी दुकानात माईक, मिक्सर, अँप्लिफायरची दुरुस्ती. त्यामुळे माईक स्टेजवर कसा वापरला जातो तेही रोज बघतो आणि टेबलावर उघडल्यावर आत काय झालेलं असतं तेही. त्यावरून सांगतो की तुमच्याकडे 'खराब झाला' या एका शब्दात तीन वेगळे आजार आहेत. खडखड आणि तुटलेलं झाकण हा अंगाचा आजार. मधेच आवाज तुटणं हा बहुतेक वेळा रेडिओचा, म्हणजे लहरींचा आजार. त्यात माईक धडधाकट असू शकतो. आणि तिसरा सेलचा. मजबूत बॉडीचा माईक घेऊन पहिला आजार कमी होईल, बाकीचे दोन तसेच राहतील आणि सहा महिन्यांनी तुम्ही पुन्हा नवा सेट शोधत असाल.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत हेही आधीच सांगतो. हॉलमध्ये एलईडी वॉल आहे का, शेजारी मोबाईलचा टॉवर आहे का, रिसीव्हर, म्हणजे माईकच्या लहरी पकडणारा डबा, तुम्ही कुठे ठेवता, माईक सांभाळायला एक ठरलेला माणूस आहे का, यावर उत्तर बदलतं. म्हणून नुसतं मॉडेलचं नाव सांगून थांबत नाही.

आधी अंगाचा आजार. ऑर्केस्ट्रात एक माईक रात्रभर एका गायकाच्या हातात असतो. त्याला त्याचं वजन, बटण, तोंडापासूनचं अंतर सगळं सवयीचं झालेलं असतं. कराओकेत तोच माईक एका संध्याकाळी पंचवीस जणांकडे जातो, म्हणजे पन्नास हात. प्रत्येक जण घेतल्या-घेतल्या चालू आहे का बघायला जाळीवर टिचकी मारतो किंवा फुंकर घालतो. बटण चाचपतो. गाणं संपलं की टाळ्यांच्या नादात पुढच्याला देतो, आणि एकाने सोडलेला असतो, दुसऱ्याने नीट धरलेला नसतो. माझ्याकडे येणारे बहुतेक पडलेले माईक या देण्याघेण्यात पडलेले असतात, गाताना हातातून सुटलेला क्वचित. दुसरा नंबर टेबलावरून घरंगळून पडलेल्यांचा.

परवाच एक उघडला, तो कसा होता ते सांगतो. वरची जाळी एका बाजूने चेपलेली. ती फिरवून काढली तर आतला स्पंज बोटाला पिठासारखा लागला. घाम, थुंकी, लिपस्टिक आणि दोन पावसाळे त्यात मुरलेले. कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा गोल भाग, ठणठणीत होता. पण कॅप्सूलपासून खालच्या सर्किटपर्यंत येणाऱ्या दोन बारीक वायरींपैकी एकीचं सोल्डर तडकलेलं, वायर नुसती टेकून होती. हलवला की खडखड यायची ती इथून. खाली सेलच्या खोबणीत एक स्प्रिंग बसकी झालेली आणि तिच्यावर हिरवट-पांढरी पूड, कारण सेल आत ठेवूनच माईक चार महिने बॅगेत पडला होता. वीस मिनिटांचं काम. मालकाने मात्र तोवर दुसरा सेट घेतला होता.

म्हणून दुकानात माईक हातात घेतल्यावर मी काय बघतो ते सांगतो. बॉडी धातूची असेल तर चांगलंच, पण प्लास्टिकची दिसली म्हणून लगेच बाजूला ठेवत नाही. जाड, चांगल्या प्लास्टिकची बॉडी कितीतरी वर्षं टिकते आणि पातळ पत्र्याची चार दिवसांत चेपते. मी आधी जाळी फिरवून बघतो. आटे खोल आहेत का, दोन-तीन फेऱ्यांत घट्ट बसते का. जाळीचं काम कॅप्सूलला वाचवणं हे आहे; पडल्यावर ती चेपली तर तिने आपलं काम केलं असं समजायचं. फक्त ती सुटी मिळाली पाहिजे. मग सेलचं झाकण दहा वेळा उघडून लावून बघतो. पूर्ण फिरवून उघडणारा खालचा भाग खटक्याच्या पातळ झाकणापेक्षा जास्त टिकतो. मग माईक कानाजवळ धरून हलवतो. नव्या माईकमध्ये आत काही खुळखुळत असेल तर तो घ्यायचा नाही.

शेवटी दुकानदाराला विचारतो की याची जाळी, कॅप्सूल आणि सेलचं झाकण वेगळं मिळतं का आणि किती दिवसांत. माझ्या लेखी टिकाऊपणाची खरी परीक्षा ही आहे. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा वायरचा माईक १९६६ पासून बाजारात आहे आणि आजही त्याची जाळी आणि कॅप्सूल सुटे मिळतात. त्यामुळे तो मरत नाही, दुरुस्त होत राहतो. उलट नाव-गाव नसलेल्या चार माईकच्या सेटचा रिसीव्हर उत्तम असला तरी एक झाकण मिळत नाही म्हणून माईक बाद होतो, कारण पुढच्या वर्षी ते मॉडेलच बाजारात नसतं.

आता दुसरा आजार. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे असं मला वाटतं.

कॉर्डलेस माईक हे एक छोटं रेडिओ केंद्र असतं. ते ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतं तिचे आकडे रिसीव्हरच्या मागे आणि माईकच्या सेलच्या खोबणीत छापलेले असतात, मेगाहर्ट्झमध्ये. आजच ते बघा. आपल्याकडे फिरणाऱ्या कितीतरी स्वस्त आणि जुन्या सेटवर ७०० ते ८०० च्या दरम्यानचा आकडा असतो. पूर्वी हा पट्टा मोकळा होता, म्हणून हे सेट मस्त चालायचे. पण २०२२ च्या लिलावात ७०० चा पट्टा जिओने देशभरासाठी घेतला, आणि पुढे बीएसएनएललाही त्या पट्ट्यात जागा मिळाली. या पट्ट्याची रचना अशी आहे की ७०३ ते ७४८ मध्ये आपला मोबाईल टॉवरशी बोलतो आणि ७५८ ते ८०३ मध्ये टॉवर मोबाईलशी. म्हणजे तुमचा माईक या आकड्यांत असेल, तर हॉलमधले दीडशे मोबाईल आणि बाहेरचा टॉवर दोन्ही त्याच्या वाटेत उभे आहेत. ८२४ ते ८४४ आणि ८६९ ते ८८९ मध्ये, त्याच्याही वर ९०० च्या पट्ट्यात मोबाईलच आहे.

हे मला अनुभवातून कळलं. माझ्याकडे ७४० ते ७९० चा एक दुहेरी सेट होता, सात वर्षं बिनतक्रार चाललेला. एका लॉनवर कराओकेची ऑर्डर होती. दुपारी चेक केला तेव्हा ठीक. संध्याकाळी माणसं जमली आणि तिसऱ्या गाण्याला आवाज तुटायला लागला. सेल बदलले, अँटेना हलवल्या, शेवटी माईक बदलला. घरी आणून उघडला, काही सापडेना. टेबलावर तासभर चालवला, एकदाही तुटला नाही. पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच. मी माईकलाच दोष देत होतो, आणि माईक अगदी तंदुरुस्त होता. तुमचा 'मधेच तुटतो' म्हणालात तो माईक घरी नीट चालतो आणि कार्यक्रमातच तुटतो का, हे आठवून बघा. तसं असेल तर तो पडल्यामुळे बिघडलेला नाही.

म्हणून नवा सेट घेताना पहिली अट ही की आकडा ७०० च्या खाली हवा. दुसरी अट, आकडा बदलता आला पाहिजे. स्वस्त सेटमध्ये प्रत्येक माईकचा आकडा कारखान्यातच पक्का केलेला असतो. त्यात दोन अडचणी. एक म्हणजे त्या आकड्यावर गडबड असेल तर तुम्ही काहीच करू शकत नाही. दुसरी, तोच सेट शेजारच्या कार्यक्रमात असू शकतो. मी एकदा दोन चिकटून असलेल्या लॉनपैकी एका लॉनवर होतो. आमची गायिका अंतरा संपवून थांबली आणि स्पीकरमधून शेजारच्या लग्नातल्या आहेराच्या सूचना यायला लागल्या. दोन्हीकडे एकाच मॉडेलचा पक्क्या आकड्यांचा सेट होता. आकडा बदलता येणारा रिसीव्हर असता तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. आता जे बरे रिसीव्हर मिळतात त्यात स्कॅनचं बटण असतं, ते मोकळी जागा स्वतः शोधून देतं. स्कॅन करताना आपले सगळे माईक बंद ठेवायचे. आणि तो कार्यक्रमाच्या जागीच करायचा, घरी केलेल्याचा उपयोग नाही.

एकापेक्षा जास्त माईक असले की आणखी एक गोष्ट लागते. समान अंतराचे आकडे कधीही घेऊ नका. समजा तीन माईक ६००, ६०१ आणि ६०२ वर ठेवले. दोन रेडिओ लहरी एकत्र आल्या की रिसीव्हरमध्ये त्यांच्यापासून तिसरी भुताटकी लहर तयार होते. हिशोब असा की ६०१ ची दुप्पट १२०२, त्यातून ६०० वजा केले की ६०२. म्हणजे पहिल्या दोघांनी मिळून तिसऱ्याचीच जागा अडवली. द्वंद्वगीताला तिसरा माईक निवेदकाच्या हातात चालू असेल तर हे हमखास होतं, आणि सगळे म्हणतात की तिसरा माईक खराब आहे. रिसीव्हरवर 'ग्रुप' आणि 'चॅनेल' असे दोन आकडे असतात ते याचसाठी. सगळे माईक एकाच ग्रुपमध्ये ठेवून चॅनेल वेगळे घेतले की कंपनीने हा हिशोब आधीच केलेला असतो.

२.४ गिगाहर्ट्झवर चालणारे डिजिटल माईक हल्ली खूप दिसतात. सेट लहान, आवाज स्वच्छ. पण वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात आहेत. रिकाम्या हॉलमध्ये उत्तम चालतात, हॉल भरला की काही वेळा मान टाकतात. घरच्या सरावाला चांगले. दीडशे माणसांसाठी मी घेणार नाही. आणि ब्लूटूथचा कराओके माईक तर कार्यक्रमासाठी नकोच. त्यात गायकाचा आवाज स्पीकरमधून उशिरा येतो. आवाज हवेत तीन मिलिसेकंदांत साधारण एक मीटर जातो. चांगल्या डिजिटल माईकमधला उशीर अशा दोन-पाच मिलिसेकंदांचा असतो, तो जाणवत नाही. ब्लूटूथमध्ये तो शंभर-दोनशेच्या घरात जातो आणि गायक ट्रॅकच्या मागे पडत राहतो.

लहरींचा आजार बराचसा धरण्याच्या पद्धतीतूनही येतो. बऱ्याच हँड माईकमध्ये अँटेना अगदी खालच्या टोकाला असते, काहींची छोटी शेपटीसारखी बाहेर आलेली असते. शरीरात पाणी असतं आणि पाणी या लहरी पितं. मागे मिरजेला एका कार्यक्रमात सत्तरीच्या एक काकू होत्या. त्यांचाच आवाज तुटायचा, बाकी कुणाचा नाही. बघितलं तर त्या देवापुढे फूल धरावं तसा माईक दोन्ही हातांनी खालून धरत होत्या, अँटेना पूर्ण मुठीत. मी जाऊन त्यांचा हात फक्त चार बोटं वर सरकवला. पुढचं कडवं एकदाही न तुटता गायल्या. दुसरी चूक उलटी, जाळीवर मूठ आवळणं. त्याने माईकच्या मागून आवाज आत घेण्याच्या वाटा बंद होतात, तो चारी बाजूंचा आवाज ओढायला लागतो आणि शिट्टी मारतो. तिसरी तर खास कराओकेची. म्युझिक पीस सुरू झाला की गायक हात खाली सोडतो आणि माईकचं तोंड थेट मॉनिटरकडे, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरकडे होतं. शिट्टी. हात छातीपाशी, माईकचं तोंड वर, एवढं सगळ्यांना शिकवलंत तर निम्म्या शिट्ट्या थांबतील.

रिसीव्हर कुठे ठेवता? बहुतेक ग्रुप तो हॉलच्या मागे मिक्सरशेजारी टेबलावर ठेवतात. मग माईक आणि रिसीव्हरच्या मधे दीडशे माणसं बसतात, म्हणजे पाण्याची भिंतच. रिसीव्हर स्टेजच्या बाजूला, उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर येईल असा ठेवा आणि तिथून साधी एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांची माईकची केबल मिक्सरपर्यंत आणा. अँटेनाची वायर लांबवू नका, पातळ वायरीत दहा मीटरमध्ये निम्म्याहून जास्त ताकद जाते. दोन्ही अँटेना इंग्रजी व्ही सारख्या तिरक्या उघडा. एलईडी वॉल, लॅपटॉप आणि वायफायच्या डब्यापासून चार-पाच फूट लांब ठेवा. यात एक रुपया लागत नाही, आणि माझ्या अनुभवात तक्रारी घेऊन येणाऱ्या निम्म्या ग्रुपचं काम इथेच होतं.

सेलचा आजार थोडक्यात. एकदाच वापरायचे अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचे, तर रिचार्जचे निकेलवाले १.२ व्होल्टचे. त्यामुळे रिचार्जचे नवे भरलेले सेल घातले तरी काही माईक कांडी कमी दाखवतात. घाबरायचं कारण नाही. मी गेली कित्येक वर्षं २००० एमएएचचे, ठेवल्या-ठेवल्या न उतरणारे रिचार्ज सेल वापरतो. प्रत्येक कार्यक्रमाला भरलेली जोडी, मध्यंतरात दुसरी. एका माईकमध्ये एक जुना आणि एक नवा सेल कधीही नाही. कार्यक्रम संपला की गाडीत सामान चढवायच्या आधी सेल बाहेर. ही एक सवय लावली तर स्प्रिंगवरची ती हिरवी पूड तुम्हाला कधी दिसणार नाही. सगळ्यात स्वस्त साध्या सेलपासून मात्र लांब राहा, गळण्यात त्यांचा पहिला नंबर. आत पक्की बसवलेली लिथियम बॅटरी आणि चार्जिंगला मोबाईलसारखी पिन, असे माईक सोयीचे वाटतात. पण दोन-अडीच वर्षांनी बॅटरी थकते आणि ती सहज बदलता येत नाही. कार्यक्रम ऐन रंगात असताना उतरली तर माईक चार्जिंगला लावण्याशिवाय काही हातात राहत नाही. साधे डबल ए सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात.

आता तुमचे चाळीस हजार. इथे मी तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळं सांगणार आहे.

तुमचे गायक स्टेजवर चालतात का? डोळ्यांपुढे आणून बघा. ते टॅबसमोर किंवा स्क्रीनसमोर उभे राहून शब्द वाचत गातात. नाचत-फिरत गाणारे पंचवीसात दोन-तीन असतील. मग चार कॉर्डलेस कशाला? ज्याला उभं राहूनच गायचंय त्याच्यासाठी वायरचा माईक सगळ्यात टिकाऊ. त्यात सेल नाही, लहरी नाहीत, आकडे नाहीत. मी स्वतः कराओकेची ऑर्डर करतो तेव्हा टॅबच्या स्टँडशेजारी एक चांगला वायरचा माईक स्टँडवर कायम लावलेला असतो. ज्येष्ठ मंडळींना तो आवडतोही, कारण हात मोकळे राहतात आणि कापऱ्या हातात वजन धरावं लागत नाही. पण बटण नसलेला घ्या, नाहीतर कुणीतरी तो बंद करून जातं आणि आम्ही मागे मिक्सरवर आवाज शोधत बसतो.

तर माझा हिशोब असा. एका नामांकित कंपनीचा आकडा बदलता येणारा, दोन अँटेनांचा एक कॉर्डलेस सेट, डायनॅमिक कॅप्सूलचा, म्हणजे कॉइल आणि चुंबकावर चालणारी दणकट कॅप्सूल. दुसऱ्या प्रकारची, कंडेन्सर कॅप्सूल नको. ती नाजूक असते आणि हॉलमधला सगळा आवाज ओढते. शुअरचा बीएलएक्स किंवा सेनहायझरचा एक्सएसडब्ल्यू यांपैकी तुमच्या बजेटमध्ये एक बसतो, दोन बसणार नाहीत. शुअर घेतलात तर एसएम ५८ ची जाळी-कॅप्सूल असलेला घ्या. त्याची बॉडी प्लास्टिकची आहे, पण माझ्याकडचा बऱ्याच वेळा पडूनही चालतोय. त्याला जोडीला दोन वायरचे माईक, दोन स्टँड आणि चांगल्या केबल. द्वंद्वगीताला एक कॉर्डलेस, एक वायरचा. निवेदकाला दुसरा वायरचा. ग्रुपला दोन कॉर्डलेस हवेतच असतील तर एक पायरी खाली उतरून आहुजा किंवा स्टुडिओमास्टरचा दोन माईकचा सेट बघा, पण वर सांगितलेल्या अटी सोडू नका. आहुजाची एक जमेची बाजू म्हणजे आपल्या भागात त्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा माणूस सहज सापडतो. एवढ्या पैशात चार कॉर्डलेसचा सेट मात्र तिसऱ्यांदा घेऊ नका.

बिल इथल्या अधिकृत विक्रेत्याचं घ्या आणि घेण्याआधी पेटीवरचा आकडा स्वतः वाचा. परदेशातून कुणी येताना आणून देतो म्हणालं तर तिथला पट्टा वेगळा असू शकतो आणि दुरुस्तीच्या वेळी इथे कुणी दाद देत नाही.

सांभाळण्याबद्दल चार गोष्टी. ग्रुपमधल्या एकाला माईकचा माणूस करा. गाणं संपलं की गायकाने माईक त्याच्या हातात द्यायचा, पुढच्या गायकाने त्याच्याच हातून घ्यायचा. एका हातातून दुसऱ्या हातात परस्पर नाही. आमच्याकडच्या एका ग्रुपने हा नियम केला आणि त्यांचा माईक तेव्हापासून माझ्या टेबलावर आलेला नाही. माईकवर बटण कुलूपबंद करायची सोय असेल तर करा, नसेल तर त्यावर कापडी टेपचा तुकडा लावा. जाळीखाली बसणारी रबराची षट्कोनी रिंग घ्या. तिने टेबलावरून घरंगळणं थांबतं, आणि प्रत्येक माईकला वेगळ्या रंगाची रिंग असली की मागे मिक्सरवर बसणाऱ्यालाही कुठला माईक कुणाच्या हातात आहे ते कळतं.

महिन्यातून एकदा जाळी धुवा. माईक उलटा, तोंड खाली करून जाळी फिरवून काढायची, म्हणजे कॅप्सूलवर काही पडत नाही. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ टूथब्रश. आतला स्पंजही तसाच धुवून पिळायचा. पूर्ण दिवस सावलीत वाळवायची आणि मगच लावायची. ओली लावली तर कॅप्सूलला ओल धरते. सॅनिटायझर थेट जाळीवर फवारू नका, तो झिरपून कॅप्सूलच्या आतल्या पातळ पडद्यापर्यंत जातो. अशा फवाऱ्याने मुके झालेले माईक करोनानंतरच्या दोन वर्षांत माझ्याकडे खूप आले. सगळ्यांसाठी एक माईक नको वाटत असेल तर प्रत्येकाला स्वतःची स्पंजची टोपी द्या, ती खिशात मावते. तुमच्याकडे पावसाळ्यात हवा ओली असते, तेव्हा माईकच्या पेटीत निळ्या सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या, दोन पुड्या टाकून ठेवा. गुलाबी पडल्या की बदलायच्या.

राहिले जुने माईक. दोन्ही सेटचे मिळून आठ आहेत म्हणालात, ते टाकून देऊ नका. जो मधेच तुटतो त्याचा आकडा आधी वाचा. सातशेच्या वर असेल तर घरच्या सरावाला ठेवा, तिथे तो चालेल. जो खडखडतो त्याची जाळी काढून कॅप्सूलजवळच्या वायरी हलक्या हाताने हलवून बघा. एखादी जागची हलली तर ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून सोल्डर करून घ्या. झाकण तुटलेला माईक त्याच सेटमधल्या बंद पडलेल्या माईकच्या झाकणाने पुन्हा उभा राहतो. आकडे काय निघाले ते इथेच लिहा, म्हणजे नवा सेट घेताना कुठल्या पट्ट्यातला मागायचा ते सांगता येईल.